वस्ती पाहावी, पण कोणाच्या डोळ्यांनीं?

जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांतील खेड्यांत कापसाची वेचणी संपली कीं अनेक घरांत एकच बोलणें सुरू होतें. सुरतेस जावें कीं न जावें? पूर्वीं हें बोलणें अमळनेरच्या प्रताप मिलविषयीं किंवा जळगांवच्या खानदेश मिलविषयीं होत असे. त्या गिरण्या बंद पडल्यास आतां बरीच वर्षें झालीं, आणि तापीच्या खोऱ्यांतील रेल्वेनें शंभराहून अधिक वर्षें जो मार्ग उघडा ठेविला आहे त्यानेंच आमचे लोक समुद्राच्या दिशेनें जात आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा हीं नांवें आमच्या खेड्यांत आतां शेजारच्या गांवांच्या नांवांसारखीं उच्चारलीं जातात, आणि तेथील कित्येक गल्ल्यांतून अहिराणी इतकी मोकळेपणानें ऐकूं येते कीं आपण नवापूर ओलांडून दुसऱ्या राज्यांत आलों आहों, याचा नवख्यास क्षणभर विसर पडावा.

या जाण्याचें बरेंवाईट ठरविणें हा आजचा विषय नाहीं. प्रश्न त्याच्या आधींचा आहे. कुटुंबानें बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं एका माणसास पुढें पाठवून तेथील वस्त्या पाहाव्या काय? आणि पाहाव्या, तर त्यानें काय पाहावें, काय विचारावें, व काय विचारूं नये? हा निव्वळ व्यवहार आहे, यांत नीतीचा संबंध कोठें येतो, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें तो पुष्कळच येतो. मनुष्य आपल्या शेजाऱ्यास काय समजतो हें तो भाड्याची खोली शोधावयास निघाला म्हणजे जितकें उघड होतें, तितकें तो उपासनेस बसला असतां होत नाहीं.

कित्येक वडील मंडळींस अशी पाहणी मुळींच पसंत नसते. ज्यानें चोंच दिली तो चाराही देईल, मग आधीं जाऊन चांचपून पाहणें म्हणजे देवावर अविश्वास दाखविणें, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करितों. तथापि मोशेनें बारा माणसें कनान देश पाहावयास पाठविलीं, आणि जमीन सकस आहे कीं निकस, गांवें उघडीं आहेत कीं तटबंदीचीं, लोक थोडे आहेत कीं फार, हें सर्व पाहून येण्यास त्यांस बजाविलें, हें आमच्या सर्व शिक्षकबंधूंस ठाऊक आहे. ते चाळीस दिवस हिंडले. ज्या देशाविषयीं खुद्द परमेश्वराचें वचन मिळालें होतें त्याचीही पाहणी झाली; लिंबायतेच्या खोलीविषयीं तर कोणास कांहीं वचन मिळालेलें नाहीं.

आणि दुसरें असें कीं या न पाहण्याच्या श्रद्धेचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो? घरधनी मागावर बारा तासांची पाळी करावयास निघून जातो. त्या खोलींत दिवसाचे चोवीस तास काढणारी त्याची बायको, तान्हें मूल आणि दम्यानें बेजार झालेली आई असते. त्यानें न पाहतां पाऊल टाकिलें तर स्वतःचा जीव पणास लाविला असें होत नाहीं. ज्यांस विचारलें नाहीं त्यांचा लाविला. दुसऱ्याच्या गळ्यांतलें गहाण टाकून आपण उदार म्हणवून घेण्यासारखेंच हें आहे.

याच्या उलट दुसरा पक्ष हुशार तरुणांचा. ते रात्रीच्या गाडीनें जातात, दुपारीं नातेवाइकाच्या मोटारसायकलवर बसून पांच ठिकाणीं भाडें व अनामत विचारतात, आणि सर्व पाहून झालें म्हणून परत येतात. यांनीं एक दुपार पाहिली, एवढेंच म्हणतां येईल. नहेम्या यरुशलेमेचा पडका कोट पाहावयास रात्रीं निघाला, आणि आपल्या मनांत काय आहे तें त्यानें कोणास सांगितलें नाहीं. त्याच्या मनांतील कारण कांहींही असो, वस्ती पाहणाऱ्यानें ती वेळ ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दुपारीं शांत वाटणाऱ्या गल्लींत रात्रीं दोन वाजतां भिंतीपलीकडचे माग चालू असतात. आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसास त्याच गल्लींत दिवसा डोळा लागतो कीं नाहीं, हें तेथें एक रात्र व एक दिवस राहिल्याशिवाय समजत नाहीं.

रात्रीचें आणखी एक कारण आहे. ६ जानेवारी २०२२ रोजीं पहांटे सचिन येथील औद्योगिक वसाहतींत एका टँकरमधून नाल्यांत रसायन सोडण्यांत येत असतां विषारी वायू सुटला, आणि जवळच्या गिरणींतील सहा मजूर मृत्यू पावले. असलीं कामें चोरून करणारे दिवसा येत नाहींत. म्हणून घराजवळून नाला जात असेल तर तो कोठून येतो आणि पहांटे त्याचा वास कसा असतो, हें विचारण्यास संकोच करूं नये.

तासांचें झालें, महिन्यांचें त्याहून महत्त्वाचें आहे. आमचे लोक बहुधा अखाजीच्या सुमारास, शेतीचें काम नसतांना, पाहणीस जातात. त्या वेळीं खाड्या व गटारें वाळलेलीं असतात आणि प्रत्येक ओटा उंच दिसतो. तापी आपल्या सर्वांच्या ओळखीची. मुलताईजवळ उगम पावून सुमारें ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेखालीं समुद्रास मिळते. भुसावळजवळच्या हतनूर धरणांतून सुटलेलें पाणी १९७२ सालीं पुऱ्या झालेल्या उकाई धरणांत जातें, आणि उकाईंतून सुटलेलें सुरतेस. ऑगस्ट २००६ मध्यें वरच्या खोऱ्यांत मोठा पाऊस झाला, उकाईचे दरवाजे उघडावे लागले, आणि सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखालीं गेला. म्हणजे आपल्या शेतावर पडलेला पाऊसच आपल्या भाऊबंदांच्या उंबऱ्यांत शिरला. तापीस पूर नसतांही मोठ्या पावसांत मिठी खाडी फुगून लिंबायतेच्या सखल भागांत शिरते. यासाठीं श्रावण-भाद्रपदांत जावें. तें न जमल्यास गल्लींतील एखाद्या म्हातारीस इतकेंच विचारावें कीं, बाई, पाणी कोठवर आलें होतें? मालक नव्या रंगाकडे बोट दाखवील. म्हातारी भिंतीवर हात ठेवून दाखवील.

मात्र जुनी कीर्ती हीच आजची स्थिती असें समजूं नये. सप्टेंबर १९९४ मध्यें सुरतेंत प्लेगाची सांथ आली तेव्हां थोड्या दिवसांत लाखों लोक शहर सोडून आपापल्या मुलखाकडे पळाले. पुढच्याच वर्षीं आयुक्त एस. आर. राव यांनीं सफाईचें काम असें हातीं घेतलें कीं थोड्या काळांतच देशांतील स्वच्छ शहरांत सुरतेचें नांव घेतलें जाऊं लागलें. तरी आमच्या खेड्यांत अजून कोणी तरी त्या सांथीच्या आठवणीवरून सुरतेचा निकाल देतोच. ज्यानें शेवटचें पाहिलें त्यास तीस वर्षें झालीं असतील तर त्याची साक्ष इतिहासाच्या कामाची, खोली घेण्याच्या कामाची नव्हे.

मुलांच्या शाळेविषयीं पाहणारा फार करून शाळा जवळ आहे काय एवढेंच विचारतो. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचेही वर्ग आहेत, ही मोठी सोय आहे. पण जिना पाहिला पाहिजे. २४ मे २०१९ रोजीं सरथाणा भागांत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणीच्या वर्गास आग लागून बावीस विद्यार्थी प्राणांस मुकले. पालकांनीं तेथें मुलें पाठविलीं होतीं तीं भल्यासाठींच. आणखी एक गोष्ट, विशेषतः साक्री व शिरपूर तालुक्यांतील आमच्या भिल्ल, मावची व पावरा बंधूंसाठीं. एका राज्याच्या जमातीचा दाखला दुसऱ्या राज्यांत स्थलांतर केल्यावर तेथील राखीव जागांसाठीं चालत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० सालचा निर्णय आहे. नवापूरचें स्टेशन अर्धें महाराष्ट्रांत व अर्धें गुजरातेंत आहे. प्रवासी फलाटावर चालतां चालतां सीमा ओलांडतो व त्यास कळतही नाहीं. मुलगा दहावी होऊन पुढें शिकावयास निघतो तेव्हां मात्र ती सीमा कळते.

हें सर्व पाहणारा बहुधा एक तरणाबांड पुरुष असतो. त्यास पाण्याचा नळ शंभर पावलांवर असला तर तो जवळच वाटतो, कारण हंडा त्यास वाहावयाचा नाहीं. शौचकूप गल्लीच्या टोकास असलें तरी त्यास चालतें, कारण रात्रीं एकट्यानें जाण्याचें भय त्यास नाहीं. म्हणून घरांतील जें सर्वांत दुबळें माणूस असेल त्याच्या डोळ्यांनीं वस्ती पाहावी, असें आमचें मत आहे. आणि ज्यास दुसऱ्याचे डोळे उसने घेतां येत नाहींत त्यानें गृहिणीसच बरोबर न्यावें. भाड्याच्या खर्चाचें कारण सांगणाऱ्यांस आम्ही एवढेंच म्हणूं कीं, तिकिटाचे ते पैसे मागाहून दुसरी खोली शोधण्याच्या खर्चापेक्षां फार थोडे आहेत.

येथवर पाणी, नाला व जिना. माणसांचें काय? लोटानें दृष्टी वर करून पाहिलें तों यार्देनेचें खोरें पाण्यानें समृद्ध दिसलें, आणि त्यानें तेंच निवडून सदोमापर्यंत आपले तंबू नेले. गवत व पाणी पाहण्यांत त्याची चूक नव्हती. तेथील माणसें कशीं वागतात हें त्यानें विचारलें नाहीं, ही त्याची चूक. यावरून कोणी म्हणेल कीं, मग तेथें कोण लोक राहतात हें आधीं विचारावें. आणि नेमका याच ठिकाणीं पाय घसरतो.

‘इकडे कोण लोक राहतात?’ हा प्रश्न दलालास विचारला जातो तेव्हां गल्लींत दारू विकली जाते काय, भांडणें होतात काय, असें कोणास विचारावयाचें नसतें. अपेक्षित उत्तर असतें तें एखादें आडनांव, एखादी जात, एखादा धर्म. पुढच्या दारीं तोच प्रश्न आपणांस होतो. आडनांव काय? गांवांत घर कोणत्या बाजूस? खाणेंपिणें कसें? ज्यांच्या आजोबांची वस्ती गांवकुसाबाहेर होती त्या आमच्या वाचकांस या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. खोली रिकामी असून ती दुसऱ्यास देऊं केली आहे असें उत्तर मिळालें म्हणजे मनुष्य पायऱ्या कसा उतरतो, हें त्यांतील कित्येकांनीं अनुभविलें आहे. आणि तरीही तीन दारांवरून परत आलेला तोच मनुष्य चौथ्या गल्लीच्या तोंडाशीं दलालास हळूच विचारतो कीं, अमक्यांची वस्ती येथून लांब आहे ना? आम्हीं हें स्वतः ऐकिलें आहे, आणि विचारणारे परके नव्हते.

कोणी उत्तर देईल कीं हा द्वेष नव्हे, ही भीति आहे. तें खोटें नाहीं. डिसेंबर १९९२ मध्यें सुरतेंत जें घडलें तें पाहिलेला मनुष्य आपल्या लोकांत राहूं इच्छितो, यांत नवल तें काय? सरकारासही अशा भीतीची दखल घ्यावी लागली आहे. गुजरातेंत १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याखालीं, सुरतेचे कित्येक भाग धरून, ठरलेल्या भागांत घरजागेची खरेदी-विक्री जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून होत नाहीं. घर विकत घेऊं पाहणाऱ्यानें याचीही चौकशी करावी. परंतु भीतीनें विचारलेला प्रश्न भीति कमी करीत नाहीं. जो तो आपल्या भितऱ्या प्रश्नानें निवड करूं लागला म्हणजे दहा वर्षांनीं एका गल्लीस दुसरी गल्ली केवळ ऐकून ठाऊक असते, आणि ऐकीव गोष्टींवरच दंगे माजतात.

तर मग भेद कसा करावा? आम्हांस असें सुचतें कीं, ज्या प्रश्नाचें उत्तर शेजारी आपल्या वागणुकीनें देतो तो खुशाल विचारावा. रात्रीं कोणी आजारी पडल्यास रिक्षा कोण आणतो? नळास पाणी आलें म्हणजे शेजारीण हांक मारते काय? १९६० पासून गुजरातेंत दारूबंदी आहे, तरी या गल्लींत संध्याकाळीं माणसें कोणत्या दाराशीं जमतात? कामावर गेलेल्या आईचें मूल कोण पाहतें? जन्मानें ठरलेलें उत्तर मात्र मागूं नये. यावर एका शिक्षकबंधूनें आम्हांस गाठलें. धर्म हा तर जन्मानें ठरलेला नाहीं, आपल्याच पूर्वजांनीं तो बदलिला. मग मालकानें धर्म विचारल्यास आपण कां रुसावें? शंका मार्मिक आहे, आणि आमचें उत्तर असें. मालकास आपल्या धर्माविषयीं कांहीं जाणून घ्यावयाचें नसतें. मनुष्य भाडें वेळेवर देईल काय, आंगण स्वच्छ ठेवील काय, हें शोधण्याचा त्रास चुकावा म्हणून तो एक नांव विचारून मोकळा होतो. आपण दलालाच्या कानाशीं लागून विचारतों तेंही त्याच आळसानें.

आतां सर्वांत अवघड गोष्ट. खोली मिळावी म्हणून नांव बदलून सांगावें काय? आमच्या पुष्कळ लोकांस दोन नांवें असतात, एक घरचें व एक मंडळींतील, आणि त्यांतील सोयीचें नांव पुढें करण्याचा मोह होतो. विचारल्यावांचून आपण होऊन धर्म सांगत सुटणें कोणाचें कर्तव्य नव्हे. किती माणसें राहणार व भाडें कोण देणार, एवढें जाणण्याचा मालकास हक्क आहे. पण सरळ विचारलें असतां खोटें सांगून घेतलेली खोली रोज महाग पडते. भाड्याचा करार व पोलिसांकडे द्यावयाची भाडेकरूची माहिती यांत अडचण येते ती निराळीच. खरा बोजा पडतो तो घरांतील सहा वर्षांच्या मुलावर. तुम्ही रविवारीं कोठें जातां, असें अंगणांत कोणी विचारल्यास काय सांगावयाचें, हें त्यास शिकवावें लागतें. बापानें एकदां बोललेलें खोटें मुलास रोज बोलावें लागतें. नकार सोसून दुसरें दार पाहावें, असेंच आम्ही सांगतों. तान्हें मूल घेऊन स्टेशनावर तिसरी रात्र काढीत असलेल्या बापानें निराळें केलें असेल तर त्याचा न्याय करावयास आम्ही बसणार नाहीं. ज्यांच्या गांठीं तीन खोल्यांची अनामत आहे त्यांस मात्र हें निमित्त उपयोगाचें नाहीं.

पाहून आल्यावर सांगणें राहतें, आणि खोटेपणास सर्वांत मोठी जागा येथेंच असते. १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं सुरतेवर स्वारी केली, त्याआधीं बहिर्जी नाईकानें शहराची टेहळणी केली होती असें सांगतात. त्यास काय नेतां येईल तें पाहावयाचें होतें. आमच्या माणसास काय द्यावें लागेल तेंही पाहावयाचें असतें, आणि गांवीं येऊन तेंच सांगावयाचें तो टाळतो. अखाजीस तो नवा शर्ट घालून येतो, मजुरीचा आंकडा मोठ्यानें सांगतो, भाड्याचा हळू सांगतो, आणि मुलास खोकला झाला तो सांगतच नाहीं. यांत लबाडीपेक्षां अभिमान अधिक असतो. एकदां गेलेल्या माणसास आपलें जाणें चुकलें असें चावडीवर कबूल करवत नाहीं. म्हणून त्यास चारचौघांत विचारूं नये. एकट्यास विचारावें, आणि त्याहूनही बरें म्हणजे त्याच्या बायकोस आपल्या बायकोनें विचारावें.

कनानाहून परत आलेल्या दहांनीं उलट केलें. तट उंच होते हें त्यांनीं खरेंच सांगितलें, पण आपण त्या लोकांपुढें टोळांसारखे दिसत होतों हें त्यांस कोणीं सांगितलें होतें? डोळ्यांनीं पाहिलेलें आणि मनांत भ्यालेलें त्यांनीं एकाच दमांत सांगितलें, आणि ऐकणाऱ्यांस दोन्ही सारखेंच खरें वाटलें. आमच्या शिक्षकबंधूंस कधीं कधीं आठदहा घरें मिळून पाहणीस पाठवितात. त्यांनीं दोन वह्या कराव्या, एकींत पाहिलेलें व दुसरींत वाटलेलें, आणि दोन्ही वाचून दाखवाव्या. त्यांस स्वतःसाठीं एखादी चांगली खोली आढळली असेल तर तीही पहिल्या वहींत लिहावी.

जी पाहणी गांवांतल्या गांवांतच करावयाची असते तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. म्हातारी येणार नाहीं म्हणाली तर तिचें पाणी कोण भरणार? शेत वाट्यानें कोणास द्यावयाचें, आणि तो मनुष्य विहिरीच्या मोटारीचें बिल भरील काय? गाय कोणाच्या दावणीस? गल्लोगल्ली हिंडून सुरतेचें भाडें विचारलेल्या तरुणांस आम्हीं हे प्रश्न विचारले, तेव्हां त्यांतील एक गाडीचें तिकीट खिशांत ठेवून शेजाऱ्याशीं बोलावयास गेला.